टाचणीताईची साखळी-करवत

टाचणीताईला हे नाव कसं पडलं, हे तिच्याकडे एकदा तरी कपडा शिवायला टाकलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. तोंडात सदा चार टाचण्या, आणि बोलणं त्यांच्याहून टोकदार. बेचाळीस वर्षं शिवणयंत्रावर काढलेली बाई. गिऱ्हाइकाचं पोट सुटलं की ती पट्टी हातात न घेता, दारातूनच, चार जणांत सांगायची. नाकावर माशी बसू द्यायची नाही. बसलीच असती तर तिचंही माप घेतलं असतं.

त्या वर्षीच्या वादळात तिच्या अंगणातलं जुनं झाड आडवं झालं. घर वाचलं, कुंपण वाचलं, पण खोड पडलं ते बरोब्बर फाटक आणि दार यांच्या मधल्या वाटेवर. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला उपटलेली मुळं, वळसा घालायला जागा नाही. नगरपालिकेनं अर्ज घेतला आणि ठेवून दिला. झाडं तोडणारा दोन महिन्यांनी येतो म्हणाला. ताईनं खोडाच्या अलीकडे एक स्टूल ठेवलं, पलीकडे एक ठेवलं आणि धंदा चालू केला. वकीलसाहेब नव्या कोटाचं माप द्यायला आले तेही एका स्टुलावरून चढले आणि दुसऱ्यावरून उतरले. एका मास्तरीणबाईंनी तर खोडावरच बैठक मारली, फ्रॉक किती आखूड करायचा ते तिथूनच सांगितलं आणि आल्या वाटेनं परत गेल्या.

आठव्या दिवशी ताई स्वतःच घसरली. घोटा सुजून टम्म झाला. तिचा धाकटा भाऊ धावत आला. हा भूगोलाचा मास्तर, आता निवृत्त. बायको जाऊन दोन वर्षं झालेली, गावाच्या दुसऱ्या टोकाला तीन खोल्यांत एकटा राहायचा.

"आज घोटा, उद्या कंबर," तो म्हणाला. "ताई, बस झालं. घराला कुलूप लाव आणि माझ्याकडे चल."

"आणि माझं यंत्र?"

"तेही आण. खिडकीजवळची खोली मी रंगवून ठेवलीय."

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. रंगवून म्हणजे प्रकरण पुढं गेलेलं दिसत होतं. या घरात तिनं स्वतःच्या हातानं एकेक खुंटी ठोकली होती. दुसऱ्याच्या घरात, मग तो सख्खा भाऊ का असेना, टाचणी खाली पडली तरी आधी माफी मागावी लागते. ती तडकाफडकी बोलून गेली, "येत्या रविवारी संध्याकाळी सहापर्यंत मी वाट मोकळी केली नाही, तर मुकाट्यानं तुझ्याकडे येते."

"कशानं मोकळी करणार? कात्रीनं?"

हे त्यानं म्हणायला नको होतं. दुसऱ्याच दिवशी ताई लंगडत बाजारात गेली आणि पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत घेऊन आली. सोबत हातमोजे, तोंडापुढची जाळी, कानांवरची झाकणं आणि आत जाड भरण असलेली विजार. विजारीत दोन ताया मावल्या असत्या. "पायाच्या भागाला सुई लावू नका हं, ते भरणच पाय वाचवतं," असं दुकानदारानं बजावलं होतं. ताईनं फक्त कंबर आत घेतली, पण अशी घेतली की विजार बघून शेजारचे निवृत्त पोस्टमनकाका म्हणाले, "वा! लग्नाला घालून जाण्यासारखी झालीय."

करवत जोडायची होती. साखळी जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी, साखळी, वरचं झाकण, दोन नट. माहितीपुस्तकात चित्र होतं, यंत्रावर बाण होता. ताईनं चष्मा लावून दोन्ही पाहिलं आणि निकाल दिला, "चित्र उलटं छापलंय." तिचं म्हणणं असं, की कापड नेहमी आपल्यापासून पुढं जातं. बेचाळीस वर्षांत एकदाही ते अंगावर आलं नव्हतं. लाकूड टेकतं पट्टीच्या खालच्या बाजूला, तेव्हा तिथले दात पुढं पळायला हवेत. तिनं साखळी तशी बसवली. ताण मात्र झकास जमला. साखळी मधोमध चिमटीत धरून उचलायची, सोडली की पट्टीवर चपखल बसली पाहिजे. बॉबिनच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या बाईला हे कोणी शिकवावं?

रविवारी दुपारी भाऊ आला तो रिकामी बॅग घेऊनच. पोस्टमनकाका कुंपणावर चढून बसले. ताईनं करवत जमिनीवर दाबून धरली, दोरी ओढली, पुन्हा ओढली. पाचव्या हिसक्याला यंत्र असं काही बोंबललं की काका कुंपणावरून आपल्याच बाजूला पडले.

ताईनं पट्टी खोडाला टेकवली. धूर निघाला. आणखी टेकवली, आणखी धूर. दहा मिनिटांनी अंगणभर धूर, वाट तिथंच आणि खोडही तिथंच.

"नाचता येईना..." भावानं सुरुवात केली.

"अंगण वाकडंच आहे!" ताई ओरडली. "त्यात झाड पडलंय!"

तिनं यंत्र बंद केलं आणि खोडावर बोट फिरवलं. तपकिरी, गुळगुळीत, चकचकीत. "अगंबाई," ती म्हणाली, "मी याला इस्त्री केली."

भाऊ बॅगेची चेन उघडझाप करत उभा राहिला. ताई स्टुलावर बसली. तिला मनातून रडू येत होतं आणि ते दिसू नये म्हणून ती पट्टी गार होण्याची वाट बघत साखळीकडे टक लावून होती. मग हातमोज्याचं बोट तिनं सावकाश साखळीवरून पुढं फिरवलं. बोट अडकलं. मागं फिरवलं, सुळकन घसरलं. पुन्हा पुढं, पुन्हा मागं. आणि ताई मोठमोठ्यानं हसायला लागली. हसता हसता स्टुलावरून पडायची राहिली.

"मखमल रे! मखमल!" ती ओरडली. "लव उलटी लावलीय मी! शिकाऊ असताना एका बाईचा अख्खा कोट असाच उलट्या लवेचा शिवला होता. आज पुन्हा तेच केलं बघ!"

"म्हणजे चित्र बरोबर होतं?" कुंपणापलीकडून काकांनी विचारलं.

"चित्र बरोबर होतं," ताई म्हणाली. तिच्या तोंडून असलं वाक्य गल्लीनं प्रथमच ऐकलं.

साखळी सुलट बसली. ताईनं कपडे बेतायचा खाकी कागद पसरला, चालू करवतीचं टोक त्याच्यापुढं धरलं. कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली. म्हणजे साखळीला तेल पोचत होतं. मग तिनं पट्टी खोडाला लावली आणि ढलप्या उडाल्या! बोटाएवढ्या, पिवळ्याधमक ढलप्या, भावाच्या खिशात, काकांच्या चहाच्या कपात. ताई जाळीआडून काहीतरी गात होती, पण ते तिलाही ऐकू येत नव्हतं.

पहिला काप पुरा झाला आणि आनंदाच्या भरात करवतीचं टोक मातीत घुसलं. क्षणभरच. पण दुसऱ्या कापाला ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला. दात बोथट झाले होते. घड्याळात सव्वापाच.

"कानस लावते," ताई म्हणाली. "पण करवत हलता कामा नये. कोणीतरी घट्ट धरायला हवी."

तिनं भावाकडे पाहिलं. खरं तर त्यानं हात जरा सैल सोडले असते तरी पुरे होतं; बॅग भरली असती, रंगवलेल्या खोलीत दिवा लागला असता. तो गुडघ्यांवर बसला. बंद करवत त्यानं दोन्ही हातांनी अशी आवळून धरली की बोटांची पेरं पांढरी पडली. ताई प्रत्येक दाताला आतून बाहेर तीन वेळा कानस मारत होती आणि तो वर्गात मोजावं तसा खड्या आवाजात मोजत होता. एक, दोन, तीन. पुढचा.

सहाला पाच मिनिटं असताना दुसरा काप पूर्ण झाला. काकाही कुंपण ओलांडून आले, तिघांनी मिळून मधला ओंडका लोळवत बाजूला नेला आणि फाटकापासून दारापर्यंतची वाट मोकळी झाली. ताई त्या वाटेवरून, लंगडत का होईना, तीनदा उगाचच जाऊन आली.

भाऊ रिकामी बॅग उचलून म्हणाला, "बरं झालं. निघतो." मग तिथंच थांबून, जमिनीकडे बघत बोलला, "तुझा घोटा हे निमित्त होतं गं. मला घरात बोलायला कोणी नाही."

ताईनं त्याच्या खिशात अडकलेली एक ढलपी काढून टाकली.

"दर रविवारी येत जा," ती म्हणाली. "अजून सगळ्या फांद्या पडल्यात. आणि साखळीला धार लावायला दोन माणसं लागतात."

"लागतातच," भाऊ म्हणाला.

सोमवारी सकाळी पोस्टमनकाका हातात लोखंडी शिकंजा घेऊन नव्या वाटेनं आले. "हा टेबलाला बसवा. करवत अशी घट्ट धरतो की दुसरं माणूस लागतच नाही. भावाला कशाला दर आठवड्याला एवढ्या लांबून हेलपाटा?"

ताईनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

"काका," ती म्हणाली, "तो शिकंजा घरी न्या, आणि रविवारी इथं कोणाला दाखवाल तर याद राखा."