जप्तीच्या सकाळची रांगोळी

अक्कांना स्वतःच्या घरात दिव्याची गरज लागत नसे. तिन्हीसांजेला वीज गेली की राजाजीनगरातली आमची गल्ली मेणबत्त्या शोधू लागे, आणि अक्का मात्र काळोखातच जिना चढून माझ्या दारात गरम इडल्यांचं ताट धरत. मी मोबाईलचा उजेड पाडला की हसायच्या. म्हणायच्या, "लग्न होऊन आले तेव्हापासून हे घर मला पाठ आहे."

मी त्यांची भाडेकरू. साताऱ्याहून नोकरीसाठी आलेली, कन्नडचा गंध नसलेली. अक्कांचं मराठी घराणं मात्र पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचंच. "स्वल्प थांब" आणि "सरी, येते" ही त्यांच्या लेखी शुद्ध मराठीच होती; 'सरी' म्हणजे 'बरं', हे मला त्यांच्याकडूनच कळलं. त्यांचे यजमान, राव, सरकारी कारखान्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी घर तारण ठेवून वर दोन मजले चढवले. खोल्यांच्या भाड्यातून कर्जाचा हप्ता जायचा. मग साथ आली, कंपन्यांनी पोरांना आपापल्या गावी बसून काम करायला सांगितलं, आणि एकेक खोली रिकामी होत शेवटी मी एकटी उरले.

वाईट गोष्टीचं नाव घ्यायचं नाही, अशी अक्कांची एक जुनी खोड होती. आजाराला त्या "ते" म्हणत, मरणाला "तसलं काही". हप्ते थकले आणि बँकेची पत्रं येऊ लागली, तेव्हा तीही नुसती "ती" झाली. राव ती न उघडताच देवघराच्या खणात ठेवत. आत काय असणार हे दोघांनाही ठाऊक होतं, पण एकमेकांशी त्याबद्दल बोलत नव्हते. बँकेचा माणूस आला की पंखा बंद करून दोघं आतल्या खोलीत गप्प बसत. बाहेरच्या भिंतीवर ताब्याची नोटीस चिकटली, तर अक्कांनी खिळा ठोकून तिच्यावर कॅलेंडर लटकवलं.

लिलाव झाला. घर कुणी घेतलं तेही आम्हाला कळलं नाही. ताबा घेण्याच्या दिवशी सकाळीच टेम्पोत सामान भरून झालं होतं. माझीही बॅग त्यातच होती. बँकेचा अधिकारी पोलिसांना घेऊन फाटकातून आत आला, तर अक्का उंबऱ्यासमोर रांगोळी काढत बसलेल्या. ठिपक्यांची, सणाला काढतात तशी मोठी. तो तरुण माणूस जागीच थांबला. त्याच्यामागे पोलीसही थांबले. अक्कांनी घाई केली नाही. शेवटची रेघ ओढून त्या उठल्या आणि त्याला, एव्हाना मलाही कळू लागलेल्या कन्नडमध्ये म्हणाल्या, "पाय देऊन जा बाबा. तू आत गेल्याशिवाय मला निघता येणार नाही."

तो भिंतीला अंग घासत कडेकडेने गेला. आतून दारं आपटल्याचे आवाज येत राहिले, मग कुलूप लागलं, सील लागलं. राव रिक्षात बसून समोर बघत होते. त्यांनी एकदाही मान वळवली नाही.

हेब्बाळला भाड्याच्या दोन खोल्यांत राव वर्षभरही जगले नाहीत. अक्का तिथं दिवसाही दिवे लावून ठेवत आणि तरीही धडपडत. जुन्या घरात जिथं स्वयंपाकघराचं दार होतं, तिथं इथं भिंत होती. कितीदा मी त्यांच्या कपाळावर टेंगूळ पाहिलं. "पायांना अजून कुणी सांगितलं नाही," असं त्या म्हणायच्या आणि हळद लावून घ्यायच्या. पण एक बदल झाला होता. त्या आता नावं घेत. जप्ती. लिलाव. भाजीवाल्याच्या गाडीपाशी उभं राहून मोठ्यानं म्हणत. बायका दचकून बघत, आणि मग त्यांतलीच एखादी दुसऱ्या दिवशी बँकेचं पत्र घेऊन हळूच त्यांच्याकडे येई.

पुढे मी मारतहळ्ळीला कर्ज काढून फ्लॅट घेतला. माझी नोकरी गेली तेव्हा त्याचे हप्ते चुकायला लागले. मी बँकेचे फोन घेत नाही हे अक्कांनी माझ्या आवाजावरूनच ओळखलं. बस बदलत घरी आल्या, समोर बसून राहिल्या. दुपारी फोन वाजला.

"उचल."

"काय बोलू, अक्का?"

"बँकेत येते म्हण. पहिल्याच महिन्यात आम्ही गेलो असतो, तर घर आमच्या हातानं विकलं असतं. आमच्या भावानं, आमच्या माणसाला. आम्ही दार लावून बसलो, पोरी."

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याबरोबर बँकेत आल्या. काही महिने हप्ता कमी करून मिळाला. तेवढ्या काळात नोकरी लागली नाही, तेव्हा बँकेला सांगून मी फ्लॅट विकला. कर्ज फिटलं, थोडं हातात उरलं. नव्या जोडप्याला किल्ली देऊन मी थेट हेब्बाळला गेले आणि अक्कांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. त्यांनी समजूत घातली नाही. फक्त म्हणाल्या, "तुझ्या दाराला सील नाही लागलं."

यंदा अक्का गेल्या. शेवटच्या दुपारी दवाखान्यात मी पलंगाशी बसले होते. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या मागं कुठंतरी बघत म्हणाल्या, "वारं येतंय ग. मागचं दार लाव."

मागचं दार राजाजीनगरच्या घराला होतं, या खोलीला नव्हतं. मी उठले, कोपऱ्यातल्या कोऱ्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिले, आणि परत आले.

"लावलं, अक्का."

"कडी?"

"कडीही घातली."

"सरी," म्हणाल्या, आणि कूस बदलली.