बाबांनी लिहिलेलं, मी गाळलेलं

माझे बाबा अकोल्याकडे प्राथमिक शाळेत मास्तर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी आठवणी लिहिल्या, एका बाईंकडून कंप्युटरवर टाइप करून घेतल्या आणि वह्या रद्दीत घातल्या. कंप्युटरमध्ये आहे म्हणजे पक्कं, असा त्यांचा भरवसा. माझ्या प्रोग्रॅमिंगच्या धंद्यावर इतका विश्वास मीसुद्धा कधी ठेवला नाही.

बाबा गेले. आई अमरावतीला माझ्याकडे राहायला आली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर तिनं विचारलं, त्यायनं लिहिलेलं मले वाचून दाखवशील काय? फाइल उघडली, तर नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा. जुन्या फॉन्टची हीच खोड. फाइलीत मराठी नसतंच, असतात नुसते आकडे. तो फॉन्ट असला तर आकड्याचा 'क' दिसतो, नसला तर भलतंच काहीतरी. आणि तो फॉन्ट आता कुठं मिळेना.

मी प्रोग्रॅम लिहिला. तो बिचारा फाइल युनिकोड, म्हणजे आजच्या पद्धतीची, समजून वाचायचा आणि अनोळखी आकडा आला की अडायचा. माझं डोकं फिरलं. कळत नाही ते सोडून दे, असं त्याला बजावलं आणि वर त्याच फाइलीवर सेव्ह केलं. निम्मी अक्षरं गेली! वीस वर्षं हेच काम करून राहिली मी, अन् साधी दुसरी कॉपी ठेवली नव्हती. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

आईला घेऊन अकोला गाठलं. टाइप करणाऱ्या बाईंकडेही फाइल उरली नव्हती. पण त्यांनी तो चिवडा पाहिला, बोटं टेबलावर टेकवली आणि चक्क वाचायला लागल्या. कुठल्या इंग्रजी कळीवर कुठलं मराठी अक्षर, ते बोटांना पाठ. गळलेलं अंदाजानं भरत होत्या. खडू, फळा, पातूरची बदली... बाबाच बोलतायत असं वाटून मला रडू फुटलं.

एका ओळीवर बाई थांबल्या. ही ओळ सरांनी दोनदा काढायला लावली, दोनदा परत घालायला लावली, म्हणून पक्की ध्यानात आहे, म्हणाल्या. मग सावकाश वाचली: "साऱ्या गावाची लेकरं शिकवली, पण बायकोला बाराखडी शिकवायची राहून गेली."

आई पदर सावरत म्हणाली, "हे त्यायनं कागदाले सांगतलं. मले वाचता येत नाई, हे त्यायले मालूम होतं ना?"