पडवीतले अण्णा

अण्णा वारले, आणि नवव्या दिवशी ते हरवले.

दुःखाने माझं डोकं फिरलंय असं वाटेल. फिरलं होतंच, पण गोष्ट खरी आहे. स्मशानात मडक्याला भोकं पाडायला जो दगड घेतात तो अश्मा. दहा दिवस गेलेला माणूस त्या दगडात आहे असं धरायचं, मुलाने त्याला रोज तिळाचं पाणी घालायचं आणि दहाव्याला पाण्यात सोडायचं. तो घरात आणायचा नसतो. म्हणून आमच्या कल्याणच्या घराच्या पडवीत, कोपऱ्यात, पानाच्या द्रोणात मी माझे वडील ठेवले होते.

आता त्या पडवीत आणखी काय होतं? दगड! अण्णा शाळेत भूगोल शिकवायचे आणि उरलेल्या वेळात दगड ओळखायचे. रविवार उजाडला की पिशवी-हातोडी घेऊन स्वारी निघाली मुंब्र्याच्या खाणीत, नाहीतर मलंगगडाच्या पायथ्याला. एकदा आईला टिटवाळ्याला गणपतीच्या दर्शनाला घेऊन गेले. आई देवळात, आणि हे गुडघाभर पाण्यात, नदीतले दगड वेचताहेत! वर तिलाच ऐकवलं, "अगं, आत तरी काय आहे? पाषाणच ना?" (घरी येईपर्यंत आई त्यांच्याशी अवाक्षर बोलली नाही.)

घरात दगड आणायला आईची सक्त मनाई, म्हणून सगळा संसार पडवीत. प्रत्येक दगडाची साग्रसंगीत तपासणी व्हायची. आधी नखाने ओरखडायचा, मग तांब्याच्या पैशाने, मग आईच्या विळीने. (विळी सारखी बोथट का होते, हे आईला बरीच वर्षं कळलं नव्हतं.) मग फुटक्या मडक्याच्या खापरीवर घासून भुकटीचा रंग बघायचा. पांढऱ्या दगडावर लिंबू पिळायचं. फसफसला तर कॅल्साइट, ढिम्म राहिला तर बहुधा गारगोटी. आणि शेवटी जीभ लावायची! "जरा दुधाकडे बघा हो," असं सांगून आईने विहिरीवर जावं आणि परत येऊन पाहावं, तर इकडे अण्णा दगड चाटताहेत आणि तिकडे मांजर पातेलं चाटतंय!

"वसंता, बघ," अण्णा मला म्हणायचे, "तापलेला रस थिजून झाला तो अग्निजन्य. गाळाचे थर बसून झाला तो जलजन्य. आणि दाबाने, उष्णतेने ज्याचं रूपच पालटलं तो रूपांतरित. कळलं?"

"हो अण्णा," मी म्हणायचो आणि खिशातले चिंचोके चाचपायचो.

तर नवव्या दिवशी सकाळी पाणी घालायला गेलो, तो द्रोण रिकामा! शेजारी बापूकाका झाडू घेऊन उभे. हे अण्णांचे धाकटे भाऊ, आदल्या रात्रीच ठाण्याहून आलेले. पडवी कशी लख्ख झाडली होती.

"काका, इथला दगड कुठाय?"

"लावला की नीट! दादाचा जीव होता रे या दगडांवर. एक बिचारा असा कोपऱ्यात पडलेला, मला बघवेना. टाकला त्यांच्यात."

"काका, तो अण्णांचा दगड नव्हता. ते अण्णा होते!"

काकांच्या हातातला झाडू गळाला. "अरे, पण आमच्या ठाण्यात अश्मा गुरुजीच घाटावर ठेवतात! मला काय ठाऊक?" आणि ते ढिगाकडे वळले. "म्हणजे मी दादाला... ढिगात टाकला?"

झालं! काका-पुतणे दगड ओळखायला बसलो. पांढरे, चमकणारे बाजूला काढले, तेवढीच काय ती प्रगती. बाकी सगळे काळे. अण्णा खाडीकाठचे काळे, आणि ढीग सह्याद्रीतला काळा! सगळे अग्निजन्य! नखाने ओरखडून पाहिलं, नख तुटलं. मग एकदम माझी ट्यूब पेटली. अश्म्याने मडकं फोडलं होतं! म्हणजे त्याच्यावर खापराचा तांबडा ओरखडा असणारच!

"सापडले अण्णा!" मी ओरडलो. खरंच, एका दगडावर तांबडा ओरखडा होता. काकांनी मला मिठीच मारली. मग पाहतो तो दुसऱ्यावरही तांबडा. तिसऱ्यावरही. अण्णांनी जन्मात एक दगड खापरीवर घासल्याशिवाय सोडला नव्हता.

मी वळून बघतो, तर काका दगड चाटताहेत.

"काका! हे काय?"

"तिळाची चव लागते का बघतो," काका म्हणाले. डोळ्यांतलं पाणी गालांवरून थेट तोंडात जात होतं. "सगळेच खारट लागतात रे, वसंता."

तेवढ्यात गुरुजी आले. "दुसरा दगड अजिबात चालायचा नाही. अश्मा बदलला की पहिल्या दिवसापासून सगळं परत," त्यांनी सांगून टाकलं. तेव्हा मात्र मला रडू फुटलं. इतके दिवस मी मोठा झाल्यासारखा कोरड्या डोळ्यांनी वावरत होतो. आता ढिगासमोर बसून लहान पोरासारखा रडलो. अण्णा हाताच्या अंतरावर होते आणि मला ओळखता येत नव्हते.

आई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. सगळं ऐकून घेतलं, ढिगाकडे पाहिलं आणि म्हणाली, "सगळेच न्या."

"अगं, पण त्यांनी जन्मभर जमवलेले—" मी म्हणालो.

"त्यांना त्यातून वेगळं काढणं मला कधी जमलं नाही. तुम्हाला काय जमतंय!"

दहाव्याला टांग्यात गोणी चढवल्या. टांगेवाल्याने विचारलं, "काय मालक, घर बांधताय वाटतं?" घाटावर गुरुजींनी माझ्याकडून अख्ख्या ढिगाला तिळाचं पाणी घालून घेतलं. पाण्यात सोडण्याआधी अश्म्याला तेल लावतात; एवढ्या सगळ्यांना लावता लावता बाटली संपली, तेव्हा काकांनी कुठूनतरी आणखी आणलं. मग मी एकेक दगड खाडीत सोडत गेलो. मुंब्रा गेलं, मलंगगड गेला, अण्णांचे सगळे रविवार गेले. घाटावरचे लोक थांबून बघत होते.

घरी आलो, तर स्वयंपाकघरात दुधाच्या पातेल्यावर झाकण, आणि झाकणावर एक काळा दगड.

"आई, हा कुठला?"

"टिटवाळ्याचा. एक ठेवला मी."

"नक्की टिटवाळ्याचाच ना?"

आईने तो पदराने पुसला. "त्यांनाच विचारायला हवं," म्हणाली, आणि अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली. मग डोळे पुसून दगडाला म्हणाली, "आता तरी दुधाकडे लक्ष द्या."

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. आईही गेली. भूगोलाच्या मास्तरांचा मी एकुलता एक मुलगा. त्या दगडाला नख लावून झालं, लिंबू पिळून झालं, कुणी बघत नाही असं पाहून जीभसुद्धा लावून झाली. काळा, जड, अग्निजन्य. त्यापुढे माझी अक्कल जात नाही. टिटवाळ्याचा असेल, नाहीतर अण्णा असतील. मांजर मात्र त्या पातेल्याकडे फिरकत नाही. आणि रोज सकाळी चहासाठी दूध काढताना मी तो दगड दोन्ही हातांनी उचलतो आणि म्हणतो, "अण्णा, जरा सरका."