पाटीवरचं आठवं नाव

आमच्या कॅम्पमध्ये एक मेलेला माणूस फुटबॉलची टीम चालवत होता. हे मी गमतीने लिहीत नाही. दर सोमवारी सकाळी नाश्त्याच्या वेळी त्याचं नाव मोठ्याने वाचलं जायचं, त्याच्यापुढे गुण मांडले जायचे, आणि आम्ही चहाचे मग हातात धरून ऐकायचो.

दुबईजवळ, जबल अलीच्या टेकडीमागे, वाळूत बरंच आत, तेल शोधणाऱ्या एका कंपनीचा कॅम्प होता. यंत्रावर अमेरिकन ड्रिलर, आणि त्यांच्या हाताखाली आम्ही. आमच्यात बरेचसे रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान होते, थोडे बलुची, थोडे मलबारी. मी टाइमकीपर होतो. सकाळी प्रत्येकाला त्याच्या नंबरचा पत्र्याचा बिल्ला द्यायचा, संध्याकाळी परत घेऊन खिळ्याला अडकवायचा, हे माझं काम.

माझे वडील मुंबईत एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. संपाची, सभेची, निषेधाची, शाई न वाळलेली. मी अक्षरं शिकलो ती त्यांच्यावर. त्यामुळे कुठेही गेलो तरी माझी नजर आधी जाते ती कष्ट कोण करतो आणि ते कुणाच्या नावावर मांडले जातात, इकडे. हा स्वभाव घेऊनच मी आखातात उतरलो होतो, आणि त्या खेळाकडे बघायलाही माझ्याकडे दुसरे डोळे नव्हते.

खेळ असा. ड्रिलर लोकांनी त्यांच्या देशातले फुटबॉलचे खेळाडू आपसात वाटून घेतले होते. त्यांचा फुटबॉल आपल्यासारखा नाही. चेंडू काखेत मारून पळायचं आणि समोरच्याने अंगावर झेप घेऊन पाडायचं. खरे खेळाडू तिकडे खेळणार, आणि इकडे वाळूत बसलेला माणूस म्हणणार, हा माझा, तो तुझा. ज्याच्या खेळाडूने चेंडू रेषेपार नेला त्याला गुण. अमेरिकन फौजेच्या रेडिओवर निकाल यायचे. साहेबांच्या मेसच्या बाहेरच्या भिंतीवर, छपराखाली, एक काळी पाटी होती. तिच्यावर आठ नावं होती, कारण खेळ सुरू करायला आठ मालक लागत. मोसमाच्या मध्यावर, महिनाअखेर जो सर्वांत खाली असेल त्याचं नाव पुसायचं आणि बाकीच्यांनी पुढे खेळायचं, असा त्यांचा नियम.

मला हा खेळ माणसांच्या बाजारासारखा वाटायचा. मी तसं बोलूनही दाखवायचो. "बघ, इथेही माल वाटून घेतायत," असं म्हणायचो.

यावर सगळ्यात जास्त हसायचा तो भाचा. आमच्या आणि साहेबांच्या, दोन्ही मेसचं रांधणाऱ्या स्वयंपाक्याला सगळे मामू म्हणत, पण सख्खा भाचा त्यांचा एकच, यंत्राच्या फळीवर पाइप ओढणारा. आठ मालकांतला एक अमेरिकन बदलून गेला तेव्हा मुख्य ड्रिलरने ह्याला विचारलं होतं, "तू घेतोस का त्याची टीम?" तो काम करता करता त्यांचं बोलणं ऐकायचा, सगळे खेळाडू त्याला तोंडपाठ झाले होते. त्याने घेतली. पाटीवर स्वतःचं नाव स्वतः लिहिलं. त्याला इंग्रजी लिहिता येत नव्हतं, तेवढ्यापुरती अक्षरं तो माझ्याकडून शिकला. पहिली अक्षरं एवढी मोठी काढली की शेवटची कोपऱ्यात चेंगरून बसली.

त्याच्या टीममध्ये एक जागा अशी होती की तिथे दोघांपैकी एकालाच घेता यायचं. एक होता रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन सुसाट पळणारा. दुसरा टाइट एंड. हा रांगेच्या टोकाला उभा राहतो. आधी समोरच्याला धडक देऊन पळणाऱ्याला वाट करून द्यायची, आणि मग जमलं तर स्वतः चेंडू झेलायचा. भाचा दर आठवड्याला टाइट एंडच घ्यायचा.

"तो पळणारा घे की, गुण मिळतील," मी एकदा म्हणालो.

"तू तर कामगारांचा पुढारी ना? आणि शिफारस कुणाची करतो बघ," तो म्हणाला. "दिवसभर धडका खाणाऱ्याला मी बाहेर बसवू?"

मग मी मुख्य ड्रिलरला जाऊन विचारलं की धडक देणाऱ्यामुळे दुसरा पळाला, तर धडक देणाऱ्याचे गुण कुठे आहेत? तो पाटीवर रेघा मारत होता. वळला नाही.

"रेडिओवर ते सांगत नाहीत," तो म्हणाला.

एका सकाळी वर उचललेला पाइप दोरातून सुटला आणि झोका घेऊन आला. भाचा तिथे उभा होता. तिथे उभं राहायचं नसतं, त्याचाच निष्काळजीपणा, असं कंपनीने सांगितलं. तिथे उभं राहायला त्याला सांगितलेलं होतं, हे त्या पाळीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मुख्य ड्रिलरलाही. पाळी त्याचीच होती.

उन्हाळा सरत आला होता, तरी ऊन एवढं होतं की प्रेत ठेवून चालणार नव्हतं. किनाऱ्यावर कोळ्यांची एक वस्ती होती. तिथल्या कब्रस्तानात, तिथल्या माणसांबरोबर जनाज्याची नमाज पढून आम्ही त्याला दुपारच्या आत दफन केलं. मामू त्या दिवशी ट्रकबरोबर दुबईच्या बाजारात रेशन आणायला गेले होते. संध्याकाळी कांद्याच्या पोत्यांवर बसून परत आले. उतरतानाच त्यांना आमचे चेहरे दिसले.

आमच्यात कबरीवर प्रत्येक जण तीन मुठी माती देतो. सख्ख्या मामाला ती देता आली नाही. ते दुसऱ्या दिवशी जाऊन आले, पण कबर भरून झाली होती, वाऱ्याने वरची वाळू सपाट केली होती. "माती काय देऊ? तिथे सगळी मातीच आहे," एवढंच ते म्हणाले.

त्याची खाट आठवड्याच्या आत दुसऱ्याला मिळाली. त्याचा बिल्लाही. नवा माणूस आला की मोकळा नंबर त्याला द्यायचा असतो, तो माझ्याच हाताने दिला गेला. रोज सकाळी मी तो नंबर पुकारायचो, आणि अनोळखी गळ्यातून "हाजिर" यायचं. त्या आवाजाची मला कधी सवय झाली नाही.

राहिली ती पाटी. मालक मेला तर टीमचं काय करायचं, हे त्यांच्या नियमात नव्हतं. ड्रिलर म्हणाला, शेवटचं जे सांगितलं होतं तेच धरू या. त्यामुळे मेल्यावरही भाच्याचा टाइट एंड दर आठवड्याला मैदानात उतरत होता. शमाल, म्हणजे तिकडचा उत्तरेचा वारा, सुटला, वाळू उडायला लागली की मामू रिकामं पोतं घेऊन बाहेर पळायचे आणि पाटीवर टांगायचे. बाकीची नावं ड्रिलर खडूने पुन्हा गिरवायचा. ह्या नावाला त्याने कधी खडू लावला नाही.

महिना संपत आला तेव्हा भाच्याची टीम तळाला होती. एकच आठवडा उरला होता.

मामूंनी मला चुलीपाशी बोलावलं. ते पीठ मळत होते.

"पुसतील काय रे?"

"नियम आहे मामू."

"चाळिसावा अजून झाला नाही. चाळिसाव्यापर्यंत रूह घराभोवती फिरते म्हणतात. इथे त्याचं घर कुठलं? खाट गेली. ती पाटी तेवढी आहे."

रूहबिह मी मानत नव्हतो. पण पाटीवरचं ते नाव मलाही हवं होतं, माझ्या कारणासाठी. कंपनीने ज्याला निष्काळजी ठरवून हात झटकले त्याचं नाव साहेबांच्या मेसवर, रोज त्यांच्या डोळ्यांसमोर, त्याच्याच हातचं. त्याहून मोठं पत्रक मी कुठे चिकटवणार होतो?

"एक उपाय आहे," मी म्हणालो. "ह्या आठवड्यात टाइट एंड काढायचा आणि पळणाऱ्याला घ्यायचं. तो हल्ली प्रत्येक सामन्यात रेषा ओलांडतोय. टीम वर येईल, नाव राहील. शनिवारी मगरिबपर्यंत, सूर्य बुडायच्या आत, ड्रिलरला सांगावं लागेल, आणि सांगायचं तुम्ही. वारस तुम्हीच."

मामूंचे हात थांबले.

"बदलायचं?"

"एक माणूस बदलायचा."

"ते त्याने ठेवलेलं आहे. अमानत आहे. अमानतीला हात लावत नाहीत."

"मग नाव पुसलेलं चालेल?"

"तसं कुठे म्हटलं मी?"

पुढचे दिवस आमचं हेच चाललं. जेवण वाढताना, पाणी भरताना, नमाजेला उभं राहण्याआधी. मी त्यांना सांगत राहिलो की नाव राहणं महत्त्वाचं, बाकी खेळ आहे. ते म्हणायचे, "तुझी जीभ बापाच्या छापखान्यातली आहे, थांबतच नाही." एकदा म्हणाले, "तो असता तर तुझी मस्करी केली असती." तो काय म्हणाला असता ते आम्हा दोघांनाही त्याच्या आवाजात ऐकू आलं.

शुक्रवारी ते जवळजवळ तयार झाले. "बरं, पळणाऱ्याला घेऊ, इन्शाल्ला," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे न बघता कांदा चिरायला घेतला.

शनिवारी संध्याकाळी मी बिल्ले गोळा करत होतो. मामू ड्रिलरकडे जायला निघाले होते आणि वाटेत माझ्या खोपटापाशी थांबले. माणसं रांगेने येत होती, बिल्ला देऊन जात होती. भाच्याच्या नंबरचा माणूस आला. चांगला पोरगा होता बिचारा, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्याने गळ्यातला बिल्ला काढला, मामूंना सलाम केला आणि गेला. मी तो खिळ्याला अडकवला. मामू त्या बिल्ल्याकडे बघत राहिले.

"नंबर तोच आहे ना?" त्यांनी विचारलं.

"तोच."

"आणि माणूस दुसरा."

मी पुढचा बिल्ला अडकवला.

"त्याचा शब्द मोडून नाव ठेवलं तर ते नाव कुणाचं रे? ह्या बिल्ल्यासारखंच होईल. वर त्याचं, आत आपण."

मी बिल्ल्यांची रांग नीट करत राहिलो. मामू ड्रिलरच्या तंबूकडे गेले. थोड्या वेळाने परत आले तेव्हा मी विचारलंही नाही. "टाइट एंड," जाता जाता तेच म्हणाले. "आहे तसं."

सोमवारी सकाळी पाटीभोवती रोजच्यापेक्षा जास्त माणसं होती. आमच्या मेसमधलीही आली होती, हातात रोटी घेऊन. ड्रिलर कागद घेऊन उभा राहिला. बाहेर बसवलेला तो पळणारा दोनदा रेषेपार गेला होता. टाइट एंडचं नाव रेडिओवर एकदाही आलं नव्हतं. दिवसभर त्याने किती जणांना धडका दिल्या असतील, कुणाला माहीत.

ड्रिलरने फडकं उचललं आणि तो तसाच उभा राहिला. मोठा दांडगा माणूस, पण तो हात काही वर जाईना. दुसरा एक अमेरिकन म्हणाला, "राहू दे ना, कुणाचं काय बिघडतं?" त्या क्षणी मला वाटलं, राहील. मी मामूंकडे बघितलं.

मामू पुढे गेले होते. हात पिठाचे होते, ते त्यांनी कमरेच्या फडक्याला पुसले.

"नियम तो नियम है, साहब," ते म्हणाले. "लेकिन ये हमारा काम है."

ड्रिलरने फडकं पुढे केलं. मामूंनी ते घेतलं नाही. उजव्या हाताचा तळवा त्यांनी पहिल्या मोठ्या अक्षरांवर ठेवला आणि खाली ओढला. मग मधल्या अक्षरांवर. मग कोपऱ्यात चेंगरलेल्या त्या शेवटच्या अक्षरांवर. प्रत्येक वेळी ओठ हलत होते. माती देताना जे म्हणतात तेच ते म्हणत होते, हे आमच्यातल्या प्रत्येकाला कळलं. आमच्यातला एक जण टोपी चाचपायला लागला. अमेरिकनांना काय कळलं, माहीत नाही, पण त्यांनीही डोक्यावरच्या टोप्या काढल्या.

"खलास," मामू म्हणाले, आणि आत चहा बघायला गेले.

मी पुढे कित्येक दिवस रागात होतो. कुणावर, ते नीट सांगता येणार नाही. कंपनीवर तर होतोच, आजही आहे. पाइप कुणी सोडला आणि त्याला तिथे कुणी उभं केलं, हे मी त्यानंतर जिथे जिथे लिहिता आलं तिथे लिहिलं, आणि लिहीत राहणार. पण त्या सकाळी मामूंनी माझ्या हातातलं पत्रक काढून घेतलं होतं, आणि ते त्यांचंच होतं.

चाळिसाव्याला त्यांनी गोड भात केला. एक ताट ड्रिलरच्या तंबूत पाठवलं. ते रिकामं, धुऊन परत आलं.

खेळ पुढे चालू राहिला. आता सात नावं होती. ड्रिलर दर सोमवारी वरून खाली वाचत यायचा, पण सातवं नाव वाचून झाल्यावर निघून जायचा नाही. कागदावर काहीच उरलेलं नसायचं, तरी तो कागदाकडे बघत थांबायचा. आम्हीही थांबायचो. आतून मामू किटली ओट्यावर ठेवायचे, तिचा आवाज व्हायचा, आणि मग सगळे कामाला लागायचे. शमाल सुटला की ते अजूनही पोतं घेऊन पळत यायचे आणि आधी तो रिकामा कोपरा झाकायचे.

आता मी मुंबईत असतो. सभांतून, संपाच्या फाटकापाशी, हजेरीची नावं पुकारली जातात. शेवटचं नाव होतं, माणसं पांगायला लागतात. मी जागचा हलत नाही. मला अजून कुणीतरी किटली ठेवल्याचा आवाज यायचा असतो.