डिस्कला घातलेलं तेल

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बीएस्सी, केमिस्ट्री. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. भिवंडीजवळ काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये रसायनांचे ड्रम येतात, त्यांची तपासणी करून कागद पुढे पाठवायचे हे माझं काम. कामतघरहून मी रोज सायकलनं जाते. शेअर रिक्षा भरेपर्यंत ताटकळत बसायचं, मग चौथ्या माणसासाठी आणखी आखडून घ्यायचं, हे मी कॉलेजची सगळी वर्षं केलं. नोकरी लागल्यावर ते बंद केलं. सायकल घेतली, तीही डिस्क ब्रेकची. चाकाच्या मधोमध चकचकीत पत्र्याची चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे धरणारे दोन छोटे पॅड.

माझा बाबा तीस वर्षं पॉवरलूमचा फिटर. शेडमध्ये शंभर लूमच्या खडखडाटात उभं राहून कुठल्या लूमचा आवाज बदललाय हे तो सांगायचा. गेल्या वर्षी शेठनं जुने लूम भंगारात काढले आणि बाबा घरी बसला. बसला म्हणजे काय, तेलाची कुप्पी हातात घेऊन घरभर फिरायला लागला. दाराच्या बिजागऱ्या, आईचं शिलाई मशीन, शेजारच्या दुकानाचं शटर, सगळ्याला तेल. आई एकदा म्हणाली, "आता माझ्या गुडघ्यात घाल दोन थेंब." बाबा म्हणाला, "बस इकडं, घालतो."

मे महिन्यात माझ्या सायकलचा पुढचा ब्रेक ओरडायला लागला. दाबला की कीऽऽ असा आवाज. रस्त्याची धूळ बसली असेल, रविवारी बघू, म्हणून मी सोडून दिलं. बाबाच्या कानाला मात्र रविवारपर्यंत दम नव्हता.

गुरुवारी सकाळी निघाले तेव्हा आवाज गेलेला होता. मला बरं वाटलं. गल्लीत सायकल हळूच चालते, तिथे ब्रेक लागतो कुठे. पुढे मोठ्या रस्त्याला लागल्यावर वाटेत एक पूल येतो. चढ चढले, उताराला लागले, समोर ट्रकची रांग थांबलेली दिसली म्हणून ब्रेक दाबला. काही नाही. मागचा दाबला. तोही तसाच. ब्रेकच्या दोन्ही दांड्या हँडलला टेकल्या तरी सायकल आपली खुशाल पळतेय. मी दोन्ही पाय रस्त्यावर घासत डावीकडे घेतली आणि पुलाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या हातगाडीवर जाऊन आपटले. नशीब की गाडीवर कापडाचे ताके होते. भिवंडीत पडायचंच असेल तर अशा गाडीवर पडावं.

हातगाडीवाले चाचा धावत आले. "दीदी, ब्रेक नहीं मारा?"

"मारला की! लगा ही नहीं."

कोपर सोलवटलं होतं. चाचांनी आधी मला उठवलं, मग ताके तपासले. कोऱ्या कापडाला डाग पडला तर त्यांना बोलणी बसणार. वरच्या ताक्याच्या गोणपाटाला काळपट पट्टा लागला होता. त्यांनी बोटानं पुसून बोट नाकाशी नेलं.

"ये तो लूम का तेल है."

या गावात तो वास कुणाला ओळखायला शिकवावा लागत नाही. मी चाकाची चकती चाचपली. बुळबुळीत. कुप्पीतून पुढच्या-मागच्या दोन्ही चकत्यांवर मायेनं सोडलेलं तेल होतं ते.

गोडाऊनला फोन करून सुट्टी सांगितली आणि सायकल हातात धरून घरी चालत निघाले. दुखत होतं ते कोपर, पण डोक्यात बाबा होता. सांगायचं का? नोकरी गेल्यापासून ती कुप्पीच त्याची ड्युटी होती. तुझ्याच हातानं तुझी पोरगी ट्रकखाली जात होती, असं त्याला कसं सांगायचं? आणि नाही सांगितलं तर तो पुन्हा तेल घालणार. पुढच्या वेळी हातगाडी असेलच असं नाही.

घरात शिरल्याशिरल्या आईनं कोपर बघितलं. "ती सायकल इकून टाक आज. रिक्षानं जायाचं उद्यापासून."

बाबा उठला, ब्रेक दाबून बघितला आणि भडकला. "सायकलच खोटी हाय. दुकानवाल्याच्या तोंडावर नेऊन मारतो. काल मीच सगली बघितली व्हती, आवाज पन काढला व्हता."

"कशानं काढलास आवाज?"

"कशानं म्हंजे? तेलानं."

मी खाली बसले. "बाबा, तुझ्या लूमला ब्रेक असतो ना?"

"असतो. न्हायतर धोटा आडकला का तान्याचं सगलं सूत तुटंल."

"त्याला तेल घालायचास?"

"ब्रेकला कोन तेल घालंल? येडी का खुली?" तो हसला. मग त्यानं चाकाकडे बघितलं. "तुझा ब्रेक कुठं हाय?"

त्याच्या हिशेबात सायकलचा ब्रेक म्हणजे वर रिमला घासणारे रबरी गुटके. ते या सायकलला नव्हतेच. मधली चकती त्याला गिअरची कसली तरी पाटी वाटली होती, कोरडी राहून ओरडणारी. मी चकतीला बोट लावलं आणि ते बोट त्याच्यापुढे धरलं.

त्यानं कुप्पी उचलून पत्र्याच्या पेटीत टाकली, पेटी पलंगाखाली ढकलली. दुपारी जेवताना म्हणाला, "इकून टाक म्हनते आई, ते बरोबर हाय." मला त्या पेटीचंच जास्त लागलं. तीन दिवस घरातल्या बिजागऱ्या ओरडत राहिल्या आणि त्याच्या कानाला त्या ऐकूच येईनात.

मी सरळ बोलणारी आहे, गोड बोलून समजूत घालणं मला जमत नाही. रविवारी सकाळी सायकल अंगणात उलटी उभी केली आणि हाक मारली, "फिटर, ड्युटीवर ये. मला एकटीला नाही जमणार."

"तुझ्या बीएस्सीत शिकवलं न्हाय का?"

"अर्धं शिकवलंय. उरलेलं तुझ्याकडे आहे."

खरंच होतं ते. अर्धं काम माझं होतं. पॅड तेल प्यायलेले. बाबा म्हणाला, चुलीवर धरून तेल जाळू. मी नाही म्हटलं, नवीन आणले होते. चकती पुसायला मी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं होतं, प्रयोगशाळेत काच पुसायला वापरायचो तेच. ते उडून जातं, मागे काही ठेवत नाही. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बाबाला आधी साबणानं हात धुवायला लावले. दोनदा. हाताचं तेलसुद्धा चकतीला चालत नाही. आई उंबऱ्यातून म्हणाली, "तीस वरसांत जेवायला बसताना इतकं कधी धुतलं न्हायस."

पॅड बसवले. मोबाइलवर बघून ठेवलं होतं तसं केलं: चिमट्याचे दोन बोल्ट सैल करायचे, ब्रेक दाबून धरायचा म्हणजे चिमटा आपोआप मधोमध येतो, मग बोल्ट आवळायचे. केलं. चाक फिरवलं तर खस्स, खस्स, एका बाजूला घासतंय. पुन्हा केलं. पुन्हा खस्स. चौथ्या वेळेला मी पाना खाली आपटला.

बाबा इतका वेळ मान वाकडी करून ऐकत होता. "आवलताना सरकतंय ते. एका दमात आवलतेस तू." आत गेला आणि भाचीच्या हळदी-लग्नाची पत्रिका घेऊन आला. आमच्याकडच्या पत्रिका म्हणजे पुठ्ठाच, सोनेरी वेलबुट्टीचा. कात्रीनं दोन पट्ट्या कापल्या आणि चकतीच्या दोन्ही बाजूंना एकेक सरकवली. लूमवर फट बघायची तर तो असंच करायचा म्हणे, हाताला मिळेल त्या कागदानं. मग मला ब्रेक दाबून धरायला लावला आणि एक बोल्ट पाव फेरा, दुसरा पाव फेरा, परत पहिला, असं करत आवळला. पट्ट्या ओढून काढल्या. चाक फिरवलं.

आवाज नाही. चाक फिरत राहिलं आणि आम्ही तिघं त्या न येणाऱ्या आवाजाकडे कान लावून उभे.

"भाचीची हलद कामाला आली," बाबा म्हणाला.

मागचा ब्रेक त्यानं एकट्यानं केला. मी फक्त ब्रेक दाबून धरला.

नवे पॅड लगेच पूर्ण धरत नाहीत. वेग घ्यायचा आणि न थांबता हळू करायचं, असं वीसेक वेळा करावं लागतं. मी सांगितलं तशा फेऱ्या बाबानं मारल्या. लुंगी खोचून, गल्लीच्या टोकापर्यंत. शेवटच्या फेरीला परत येताना आईच्या पायाच्या हातभर अलीकडे गप्पकन थांबला. आई ओरडली, "मारतोस का?" पण सायकल विकायचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

सोमवारी त्याच पुलाच्या उतारावर मी मुद्दाम दोनदा ब्रेक दाबून बघितला. चाचा हातगाडीपाशी चहा पीत होते. त्यांनी हात वर करून विचारलं, मी हात वर करून सांगितलं.

आता आमच्या कामाची वाटणी झाली आहे. चकत्या माझ्या, चेन बाबाची. पेटी पलंगाखालून बाहेर आली आहे. दर रविवारी चेनला तेल घालायच्या आधी तो जुन्या बनियनचं फडकं मागच्या चकतीला गुंडाळतो, गाठ मारतो आणि मगच कुप्पी उघडतो. मागच्या आठवड्यात शेजारचा शटरवाला दुकानदार विचारत होता, हे कशाला बांधलंय.

"ब्रेक हाय तो," बाबानं त्याला सांगितलं. "तेलाचा वास पन लागता कामा न्हाय त्याला. तेल घालनारा येडाच पायजे."

एवढं बोलून त्यानं माझ्याकडे बघितलं. मी पुढची चकती पुसत होते, पुसत राहिले.