वीब्रेनचा दगड आणि इम्केचं दार

आमच्याकडे पुढचं दार उघडतं ते नवरी बाहेर पडताना, नाहीतर शवपेटी. बाकी सगळी ये-जा मागच्या दारानं. पुढची कडी वाजवणारा एकतर परका, नाहीतर काहीतरी विकायला आलेला, नाहीतर पोलीस. फ्रीसलंड प्रांतातल्या आमच्या गावात हे कुणी कुणाला शिकवत नाही, तसंच अंगवळणी पडतं. आणि याच रीतीच्या आडोशाला इम्के डाइकस्ट्रा सत्तर वर्षं लपून राहिली.

बाई तशी कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच घरात जन्मली, तिथंच म्हातारी झाली. चाळीस वर्षं चीजच्या कारखान्यात राबली. खिडक्यांचे पडदे कधी ओढायची नाही. "लपवण्यासारखं आहे काय आमच्या घरात?" असं वर म्हणायची. म्हणायची हो, तोंड वर करून म्हणायची!

मग गेल्या एप्रिलात सीत्से मास्तर मागच्या दारानं आले. युद्धात जर्मनांविरुद्ध लपूनछपून लढताना गावातली जी माणसं मारली गेली, त्यांच्या नावाचे दगड ज्या त्या रस्त्यात बसवायचे, असं समितीनं ठरवलं होतं. मास्तर समितीचे अध्यक्ष, म्हणजे उत्साहाला काय तोटा!

"शेजारीणबाई, वीब्रेनचा दगड तुमच्या पुढच्या दारासमोर, रस्त्यात. पोरगा पडला तिथंच. चार मेला, स्मरणदिनी, दगडावरचं कापड तुम्ही ओढायचं नि नाव वाचायचं."

"मी कशाला? दुसरं कुणी बघा ना."

"दुसरं आहे कोण? त्या वेळचं या गल्लीत तुम्हीच उरलात. त्याची बहीण दीउके ग्रोनिंगनहून येणार आहे. आता आढेवेढे घेऊ नका बुवा!"

मास्तर कॉफी पिऊन गेले.

वीब्रेन बेकरीतला पोरगा, एकोणीस वर्षांचा. रोज मागच्या दारानं पाव घेऊन यायचा. टोपलीच्या तळाशी चोरलेली रेशनकार्डं असायची, जर्मनांपासून लपून बसलेल्या लोकांसाठी, हे मोठ्यांना ठाऊक होतं. पंचेचाळीसच्या जानेवारीत एका दुपारी जर्मन सैनिकांनी मागचे बोळ अडवले. त्यामुळे तो पुढच्या रस्त्यानं धावला. दहा वर्षांची इम्के कोट आणायला पुढच्या दाराजवळ आली होती. दारावर धपाधपा थापा पडल्या. दारातली पत्रं टाकायची फट उघडली, आणि फटीतून तिचे पाय दिसले असणार त्याला.

"इम्के, मी आहे गं, वीब्रेन. कडी काढ. लवकर काढ, पोरी."

आतून बाबा ओरडले, "पुढच्या दाराला कोण आहे? उघडू नकोस! ओळखीचं कुणी आहे का?"

आता बघा, एवढंच म्हणायचं होतं, वीब्रेन आहे. बाबांनी धावत येऊन उघडलं असतं. पण बूट वाजत होते, जवळ येत होते. दार उघडलं तर तेही आत येणार, हे त्या पोरीला बरोब्बर कळलं होतं. ती म्हणाली, "नाही. कुणीतरी परकं आहे."

मग गोळ्या.

युद्ध संपल्यावर दर जानेवारीत वीब्रेनची आई गल्लीतल्या घराघरात जायची. एकच विचारायची, "काही बोलला का हो तो?" इम्केची आई कॉफी द्यायची, वर एक बिस्किट. आई वारल्यावर इम्के द्यायला लागली. म्हातारीच्या डोळ्यांत बघून सांगायची, "आम्ही मागच्या खोलीत होतो, मावशी. काहीच ऐकू आलं नाही." बावीस वर्षं सांगितलं. म्हातारी गेली तेव्हा लाज वाटायच्या ऐवजी बाईला सुटल्यासारखं झालं, आणि त्याचीच पुढे जन्मभर लाज वाटली.

समारंभाच्या आदल्या आठवड्यात दीउके जागा बघायला आली. शहात्तर वर्षांची, काठी टेकत. इम्केनं तिला स्वयंपाकघरात बसवलं, आणि कॉफी ओतायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. थाप, फट, त्यानं मारलेली हाक, आपण दिलेलं उत्तर. सांगताना मान वर झाली नाही. सांगितलं की जीव हलका होईल, असं वाटलं होतं बिचारीला.

"त्यानं तुझं नाव घेतलं?"

"हो."

"म्हणजे दारापर्यंत पोचला होता तो." तिनं काठी जवळ ओढली. "आई काय म्हणायची माहितेय? म्हणायची, बरं झालं, कुणाच्या दारात पोचायच्या आधीच गेला. आपल्या माणसांनी दार उघडलं नाही, हे तरी त्याला बघावं लागलं नाही. तेवढ्यावर जगली ती. मीही तेवढ्यावरच जगत होते."

"दीउके, मी... मास्तरांना सांगते. मी नाही ओढत कापड."

"असं कसं? ओढायचं. माझ्या शेजारी उभं राहायचं आणि त्याचं नाव वाचायचं. मोठ्यानं. तुझं नाव घ्यायला तो लाजला नव्हता."

ती उठली. कॉफीला हात लावला नाही.

चार मेला अख्खी गल्ली जमली होती. इम्केनं कापड ओढलं, नाव वाचलं. दीउके शेजारी उभी होती, काठीवर दोन्ही हात ठेवून, समोर बघत. सीत्से मास्तरांनी सगळ्यांदेखत इम्केचा हात हातात घेतला. "वीब्रेनला तुमच्यासारखे शेजारी लाभले, शेजारीणबाई," म्हणाले. लोकांचे डोळे भरून आले. दीउके अजून समोरच बघत होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं इम्केला झालं, आणि तिच्या तोंडून निघालं, "आभारी आहे."