सिमेंटच्या गोण्यांवर

आमच्या गावातल्या जुन्या मशिदीला दुरुस्तीसाठी सरकारी निधी मंजूर झाला, त्या दिवशी मी शाळेत पेढे वाटले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. वडील बुलढाण्याला तहसील कचेरीत कारकून होते, घरी रोजची देवपूजा. पण माझ्या वर्गाची खिडकी मशिदीच्या मागच्या भिंतीसमोर उघडते आणि त्या भिंतीवर दगडात कोरलेली एक वेल आहे. इतकी वर्षं समोर पाहून ती माझीच झाली होती. संरक्षित स्मारकाचा फलक गंजला, छत गळायला लागलं, मशिदीची कमिटी अर्ज करून थकली. म्हणून निधीचा आनंद सगळ्या गावाला झाला.

काम सुरू झालं आणि एका सकाळी मी खिडकी उघडली, तर दोन मजूर वेलीवर सिमेंट थापत होते. खालची पानं दिसेनाशी झाली होती. वर्ग शेजारच्या बाईंकडे सोपवून मी तडक तिकडे गेले. ठेकेदार सावलीत खुर्ची टाकून बसला होता.

"हे काय करून राह्यले तुम्ही? बाहेरच्या कामाच्या बोर्डावर तं चुन्याचं काम लिहिलं हाये."

"चुन्याले लय टाइम लागते मॅडम. अन् तुम्हाले काय करायचं? मशीद तुमची हाये का?"

त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. दरवाज्याशी सिमेंटच्या गोण्या रचल्या होत्या. मी जाऊन त्यांच्यावर बसले.

समोर बांगड्यांचं दुकान आहे. तिथली बाई माझ्या ओळखीची. तिने पाहिलं, दुकानाचं शटर ओढलं आणि आली.

"काऊन बसल्या मॅडम इथं?"

मी भिंतीकडे बोट दाखवलं. ती जाऊन पाहून आली आणि म्हणाली, "सरका थोडं."

थोड्या वेळाने कमिटीचे म्हातारे चाचा आले. ते आमच्यावरच नाराज होते. "बेटा, निधी वापस गेला तं छत कोण बांधीन? पावसाळ्यात नमाजाले उभं राहता येत नाही."

त्यांचं खोटं नव्हतं. मी म्हणाले, "छत उद्याही बांधता येईन चाचा. ही वेल आता कोण कोरीन?"

चाचांनी वळून वेलीकडे पाहिलं. मग काठी भिंतीला टेकवून तेही आमच्या शेजारी बसले.

दुपारी ठेकेदाराने हवालदाराला बोलावलं. हवालदार समजुतीच्या सुरात म्हणाला, "सरकारी कामात अडथळा आणला तं गुन्हा दाखल होते मॅडम. तुम्ही नोकरीतल्या माणूस."

"करा दाखल," मी म्हणाले. "पण पंचनाम्यात ती भिंतही लिहा."

तो भिंत पाहायला गेला. परत येऊन, पुरातत्त्व खात्याला कळवतो, त्यांचे साहेब येईपर्यंत हात लावायचा नाही, असं ठेकेदाराला सांगून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी नागपूरहून पुरातत्त्व खात्याच्या अधिकारी बाई आल्या. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला आणि काम तिथेच थांबवलं. पुढे त्यांच्या देखरेखीखाली मजुरांनी बारीक छिन्नीने सिमेंट काढलं. सिमेंटबरोबर काही पानांच्या कडाही गेल्या, त्या गेल्याच. मग अंगणातल्या हौदात चुना भिजला, त्यात गूळ आणि बेलफळ पडलं, त्याचा वास वर्गापर्यंत यायचा. काम लांबलं, पण निधी परत गेला नाही. त्या पावसाळ्यात छत गळलं नाही.

मला मात्र शाळेच्या वेळेत वर्ग सोडल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस आली. मुख्याध्यापक म्हणाले, "चूक झाली असं लिहून द्या, विषय संपेल." घरातही सगळ्यांचं तेच म्हणणं होतं. मी लिहिलं, की वर्ग सोडला हे खरं आहे, मुलांना दुसऱ्या बाईंनी सांभाळलं हेही खरं आहे, आणि पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा सोडीन. मुख्याध्यापकांनी ते वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, "शेवटचं वाक्य तरी खोडा."

मी खोडलं नाही. त्यावर वरून काय निर्णय झाला, ते मला अजून कोणी कळवलेलं नाही. मीही विचारायला गेले नाही.